उत्तेजनार्थ रायफल

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला बंदूक म्हणू नका. बंदूक शेतातली माकडं हाकलायला लागते. मी बायथलॉनची रायफल आहे. म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसणारच. मला पाठीवर घ्यायचं, पायांत स्की चढवून बर्फावरून जीव तोडून पळायचं, छाती धपापत असताना एकदम थांबायचं आणि पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या चकत्या पाच गोळ्यांत पाडायच्या. एक चुकली की एक मिनिट दंड. टीव्हीसमोर चिप्स खात बसणाऱ्यांना हे फार सोपं वाटतं.

माझा जन्म जर्मनीतला. एका म्हाताऱ्या कारागिराने अक्रोडाच्या लाकडातून माझा दस्ता कोरला, तोही ग्रिटच्या गालाचं आणि खांद्याचं माप घेऊन. ग्रिट म्हणजे माझी मालकीण. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, जंगलातल्या खेड्यातली, लाल गालांची आणि तोंडातून शब्द न फुटणारी. बारा हिवाळे मी तिच्या पाठीवर काढले. ती जर्मनीच्या संघात गेली, पेपरात तिचे फोटो आले, लहान मुली तिच्या सह्या घ्यायला धावल्या. माझी सही कुणी मागितली नाही. नेम माझा आणि नाव हिचं, असा सगळा कारभार होता.

मग नॉर्वेतली ती शर्यत आली. तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी. दोनदा थांबून झालं होतं, दहापैकी दहा गोळ्या लागल्या होत्या आणि सगळ्या जर्मनीने श्वास रोखून धरला होता. तिसऱ्या थांब्याच्या आधी एक उतार होता. तिथे बाईसाहेब पडल्या. सपशेल, पाठीवर, म्हणजे माझ्यावर. उठल्या, धावल्या, चटईवर आडव्या झाल्या. कोच कुंपणापलीकडून घसा फोडून ओरडत होता. चार चकत्या पडल्या, पाचवी राहिली. शेवटच्या थांब्याला उभ्याने मारताना पुन्हा पाचही पडल्या, पण गेलेलं मिनिट परत येत नाही. अकरा सेकंदांनी पदक हुकलं, ती चौथी आली.

पत्रकारांनी माइक पुढे केले. ती म्हणाली, "चूक माझी आहे." बस्स, एवढंच. मला वाटलं, निदान कबूल तरी केलंस. त्या दिवसापासून मी तिच्याकडे तुच्छतेनेच बघत आले. त्या उन्हाळ्यात मला पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे नेलं, तेव्हाही वाटलं, पॉलिशला आणलंय, माझी किंमत निदान त्याला तरी आहे. पुढे आणखी दोन वर्षं ती धावली आणि थांबली. चौथ्या नंबराला काय, ना पदक, ना चौथरा.

तिकडेच इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या नागपूरच्या सुशांतशी तिने लग्न केलं आणि त्याच्या नोकरीमागे आम्ही अमेरिकेत आलो. पिस्कॅटवे गावातल्या एका घराच्या तळघरात, लोखंडी कपाटात माझी रवानगी झाली. वर ती मुलीचा डबा भरायची, सासूशी बोलता यावं म्हणून मराठी शिकायची आणि शनिवारी लायब्ररीत पुस्तकं लावायची. जिच्यासाठी नॉर्वेजियन लोक टाळ्या वाजवत, ती आता सवलतीची कुपनं कापत होती. मला शिसारी यायची. वर्षातून दोनदा कपाट उघडून ती मला तेल द्यायची, तेव्हाही मी मनात म्हणायची, दे बाई, तेवढंच तुला जमतं.

या सप्टेंबरात मात्र मला आशेचा किरण दिसला. तिची बारा वर्षांची मुलगी रुचा हिची एकच मैत्रीण, अनुष्का. इकडे मूल कुणाकडे राहायला पाठवायचं तर आईबाप आधी विचारतात, घरात गन आहे का? अनुष्काच्या आईने, यामिनीने, फोनवर तसं विचारलं. ग्रिटने खरं सांगितलं. खोटं बोलायची अक्कल तिला कधीच नव्हती. कुलूपबंद असते, गोळ्या वेगळ्या असतात, सगळं समजावलं, पण अनुष्का यायची बंद झाली. रुचा रडत म्हणाली, "ममा, नोबडी वॉन्ट्स टु कम हियर." त्याच आठवड्यात ग्रिटने मला विकायला काढलं. पेनसिल्व्हेनियातला एक जुन्या रायफली जमवणारा माणूस दसऱ्यानंतरच्या रविवारी येणार असं ठरलं. मी खूश झाले. आता तरी पारखी हात लागतील, म्हटलं.

आधी खंडेनवमी आली. सुशांतची आई, मालिनीबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी आयुध कारखान्यात तपासणी खात्यात सत्तावीस वर्षं काढलेली. तिथे शस्त्रपूजा म्हणजे मोठा सोहळा. इथे पाटावर काय, तर सुशांतचे दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि भाजी चिरायचं मशीन! लॅपटॉपवर कुंकू सांडू नये म्हणून वर टिश्यू पेपर घातलेला. खरं शस्त्र घरात असताना हे काय मांडलंय, म्हणत मालिनीबाईंनी मला वर आणवलं. ग्रिटने बोल्ट, म्हणजे माझा गोळी सोडणारा भाग, काढून कपाटातच ठेवला आणि मला सासूच्या मांडीवर दिलं. शेजारी पाटावर किल्ली, पलीकडे भाजीचं मशीन. असल्या गोतावळ्यात बसायची वेळ माझ्यावर आली.

पूजेला जवळच्या एडिसन गावातले संजयकाका आले होते, सुशांतच्या ऑफिसातले. सोफ्यात रुतून चिवडा खाताना त्यांनी विचारलं, वहिनींची मेडल्स किती? सुशांत ओशाळं हसून म्हणाला, चौथा नंबर होता. तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे उत्तेजनार्थ!" सगळे हसले. रुचाने मान खाली घातली. ग्रिटही थोडं हसली आणि वाट्या भरायला लागली. काका माणूस टाकाऊ होता, पण त्याचं म्हणणं मला मनापासून पटलं.

मालिनीबाई मात्र हसल्या नाहीत. हळदकुंकू लावण्याआधी त्या मला ओल्या फडक्याने पुसत होत्या आणि पट्टा अडकवायच्या पत्र्यापाशी त्यांचं बोट थांबलं होतं. त्यांनी चष्मा मागवला, पत्र्याच्या कडेने नख फिरवलं, मला उजेडात तिरकं धरलं.

"हे लाकूड तडकलंय," त्या म्हणाल्या. "आत गोंद भरलाय. ग्रिट, हे कधी झालं?"

"नॉर्वेला. मी पडले तेव्हा."

"आणि तू तशीच झोपून गोळ्या मारल्यास? दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा ताण आला की ही हलणारच. अगं, पाचवी गोळी हिच्यामुळे गेली."

संजयकाकांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. सुशांत बायकोकडे बघत राहिला. त्यालाही हे माहीत नव्हतं. ग्रिट शांतपणे म्हणाली, "पडले मी, आई. ही माझ्या पाठीवर होती. कोच दुसरी रायफल घेऊन उभा होता, बदल म्हणून ओरडत होता. मी नाही बदलली. इतकी वर्षं हीच माझी होती."

मित्रांनो, तिथल्या तिथे मी शरमेने मेले. तडा माझ्यात होता. पंधरा वर्षं मी जिला नालायक म्हणत आले, तिने सगळ्या जगासमोर माझं पाप आपल्या नावावर घेतलं होतं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि मी पॉलिश झालं म्हणून मिरवत होते! संजयकाका आणि मी, दोघं एकाच लायकीचे निघालो.

मालिनीबाईंनी मला कुंकू लावलं आणि सुनेला म्हणाल्या, विकू नकोस. मला ओरडून सांगावंसं वाटलं, खरंच नको विकूस, मला तुझ्याचकडे राहायचंय. मघापर्यंत जायला उतावीळ झालेली मी! ग्रिटने रुचाकडे पाहिलं. "तिच्याकडे कुणी येत नाही, आई," ती म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला.

रविवारी तो माणूस आला आणि शस्त्रांच्या दुकानात कागदपत्रं झाली. ग्रिटने त्या माणसाला पत्रा काढून तडा दाखवला, काहीही न लपवता सगळी हकीकत सांगितली आणि दोनदा बजावलं, दोष हिचा नाही. मग माझ्या दस्त्यावर क्षणभर गाल टेकला आणि निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी हाक मारू शकले नाही.

आता मी पेनसिल्व्हेनियात त्याच्या तळघरात, घरगुती बारच्या वरच्या भिंतीवर टांगलेली आहे. दर शनिवारी बिअर पीत माणसं येतात. मालक माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, या रायफलीने एका जर्मन बाईचं मेडल घालवलं. सगळे हसतात. बाईने बजावलेलं वाक्य मात्र तो कधीच सांगत नाही. हसू देत. ते हसू माझंच आहे, ती पंधरा वर्षं उगीच झेलत होती.

माझी एवढीच विनवणी आहे, मित्रांनो. कुणी खाली मानेनं "चूक माझी आहे" म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. तेव्हा त्याच्या पाठीवर कोण होतं, ते आधी विचारा.