राणीसोबत सात जणी

धाकटीने ती लाकडी डबी विमानतळाच्या काउंटरवर ठेवली, तसे पलीकडच्या तरुणाने दोन्ही हात झटकन मागे घेतले. डबी काडेपेटीच्या दुप्पट असेल नसेल. एका बाजूला बारीक जाळी होती आणि जाळीच्या आत काहीतरी हलत होतं.

"हे काय आहे?"

"राणीमाशी. आणि तिच्या दिमतीला सात कामकरी माश्या. एकूण आठ. कागदावर तसंच आहे बघा."

"जिवंत?"

"मेलेल्या कशाला नेऊ, बाळा?"

तरुण हसला, पण हात काही पुढे आले नाहीत. "बाहेर का काढलीत? बॅगेत ठेवायची."

"बॅगेतच होती. दारावरचा शिपाई म्हणाला, बाहेर काढा, सगळ्यांना दिसली पाहिजे."

"दारावरचे नियम दारावर. इथले वेगळे."

धाकटीने डबी मुकाट्याने पिशवीत घातली. पिशवीच्या कापडातूनही बारीक गुणगुण ऐकू येत होती.

धाकटी पंचावन्नची झाली होती. डोंगराच्या पायथ्याशी तिच्या साठ मधपेट्या होत्या, घरात दोन नातवंडं होती, तरी नात्यागोत्यात आणि बाजारात सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरली होती म्हणून. थोरली म्हणजे तिची सख्खी बहीण. विमानाने दीड तासावर राहायची आणि तीही मधमाश्याच पाळायची. दोघींना हे काम वडिलांनी शिकवलं. वडील गेल्यावर पेट्या वाटून घेताना कुठेतरी बिनसलं. "तुला माश्या कळतात गं, माणसं कळत नाहीत," असं थोरली बोलून गेली आणि धाकटी त्या एका वाक्याला चार वर्षं धरून बसली. मधल्या काळात फोन आले ते भाऊजींचे. गेल्या आठवड्यातही त्यांचाच आला. वडिलांच्या हातची म्हणून जी पेटी थोरलीने नेली होती, तिची राणी मेली होती. दोनदा बाहेरून राणी आणून घातली, पण माश्यांनी ठेवून घेतली नाही.

"तुमच्याकडची एक मिळेल का?" भाऊजींनी चाचरत विचारलं होतं. "ती म्हणते, इतर गिऱ्हाइकांसारखंच नोंदवून घ्या."

गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक, असं म्हणून धाकटीने फोन ठेवला होता. पण राणी दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायला तिचं मन घेईना. निवडलेल्या राणीची खोड तिला माहीत होती. सारखं पाणी लागायचं तिला.

काउंटरवरचा तरुण फॉर्म वाचत खालपर्यंत आला आणि थांबला.

"हा रकाना कोरा आहे. 'घेणाऱ्याशी नातं.'"

"कोराच राहू दे. दारावर कुणी विचारलं नाही."

"इथे विचारतात."

धाकटीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग पुन्हा काढलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: गिऱ्हाईक.

पुढे मशीन होतं आणि मशीनपाशी गणवेशातली एक धिप्पाड बाई उभी होती. तिने तिकीट पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, फॉर्म उलटासुलटा केला आणि ट्रे पुढे सरकवला.

"पिशवी, चपला, डबी. सगळं यात."

"डबी मशीनमधून नाही जायची."

"सगळ्यांचं सगळं जातं."

"अंडी घालणारी राणी आहे ही. तुमच्या मशीनने तिला काय होईल, मला माहीत नाही. तुम्हाला आहे का?"

बाई विचारात पडली. खोटं बोलणारी नव्हती. "नाही," ती म्हणाली आणि तिने साहेबांना हाक मारली.

साहेब आले. त्यांनीही तिकीट पाहिलं, ओळखपत्र पाहिलं. "मशीनमधूनच जाऊ दे."

"मागच्या महिन्यात पोपट हाताने तपासला होता, साहेब," बाई म्हणाली.

"कुणी सांगितलं होतं तसं?"

"तुम्हीच."

साहेबांनी घसा साफ केला आणि खिशातून बॅटरी काढली. जाळीवर प्रकाश पडला तसा आत गोंधळ उडाला. साहेबांनी मोजल्या, तर सहा भरल्या. पुन्हा मोजल्या, तर नऊ.

"कागदावर आठ आहेत, बाई."

"आठच आहेत. एका जागी बसत नाहीत, त्याला मी काय करू? तुम्ही बॅटरी मारलीत, आता त्या का बसतील?"

मागे रांग वाढत होती. दोन माणसांमागे उभे असलेले एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून पुढे झाले, जाळीला डोळा लावून त्यांनी बोटांवर मोजलं आणि ठासून सांगितलं, "आठ. ती लांबुडकी धरून."

"ती लांबुडकी म्हणजेच राणी," धाकटी खूश होऊन म्हणाली.

साहेबांनी फॉर्मवर 'आठ, प्रवाशांसमक्ष' असं लिहून सही ठोकली. डबी मशीनच्या बाजूने, बाईच्या ओंजळीतून पलीकडे गेली. बाईने ती अशी धरली होती, जणू काठोकाठ भरलेली वाटी. पाण्याची बाटली मात्र धाकटीच्या पिशवीतून निघून टोपलीत पडली.

"अहो, ते पाणी त्यांचं होतं," धाकटी कळवळून म्हणाली. "तासाला थेंबभर लागतं."

"पाणी नेता येत नाही."

धाकटी बाकावर बसून चपला घालत होती, तोवर तीच धिप्पाड बाई मागून आली. तिच्या हातात बाटलीचं झाकण होतं आणि झाकणात दोन चमचे पाणी.

"पाणी नेता येत नाही म्हणालात ना?"

"तुम्ही नेत नाही आहात. मी देतेय," बाई म्हणाली आणि बोट बुडवून जाळीवर थेंब कसा सोडायचा ते तिने शिकून घेतलं. पहिला थेंब टेकला तशी आतली गुणगुण एकदम मंदावली. बाईने जीभ दातांखाली धरली आणि दुसरा थेंब सोडला.

शेवटच्या दाराशी अंबाडा घातलेली एक अधिकारी होती. तिकीट, ओळखपत्र, फॉर्म. तिने रकान्यावर बोट ठेवलं.

"हा भरलात कशाला?"

"भरायला लावला म्हणून."

"कोरा असता तर मी सोडून दिलं असतं. भरलाय म्हटल्यावर तो पडताळायला लागतो. घेणाऱ्यांचा अर्ज उतरायच्या ठिकाणी आहे. तिकडे पडताळतील." मग तिने मान तिरकी करून डबीकडे पाहिलं. "पिशवीत कशाला कोंडलीय? हातात घ्या की."

धाकटीला हसू आवरेना. तिने डबी हातात घेतली आणि दीड तास मांडीवर धरून बसली. शेजारच्या गृहस्थांनी आधी खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरलं, मग अर्ध्या तासाने कामकरी किती दिवस जगतात असं विचारलं आणि उतरेपर्यंत विचारतच राहिले.

उतरल्यावर जिवंत प्राण्यांची खिडकी शोधायला दोन जिने चढावे आणि एक उतरावा लागला. खिडकीत निवृत्तीला टेकलेले एक कारकून बसले होते. त्यांनी तिकीट मागितलं नाही, ओळखपत्र मागितलं नाही. धाकटीला चुकल्यासारखं झालं. त्यांनी फक्त तिचा फॉर्म घेतला, फायलीतून दुसरा एक कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. मग एकेका रकान्यावरून बोट फिरवत ते खाली आले.

"जुळत नाहीत," शेवटी ते म्हणाले.

"आठच आहेत हो. मोजून झाल्यात, आजोबांनीसुद्धा."

"माश्यांचं नाही. नात्याचं." त्यांनी दोन्ही कागद तिच्याकडे फिरवले. "तुम्ही लिहिलंय गिऱ्हाईक. त्यांनी दुसरंच लिहिलंय."

थोरलीचं अक्षर धाकटीने हजारात ओळखलं असतं. लहानपणी त्या अक्षरावरूनच ती पाटीवर गिरवायची. रकाना दोन बोटांचा होता आणि थोरलीचं लिहिणं त्यात मावलं नव्हतं, कडेने वर चढत गेलं होतं. 'सख्खी बहीण. पाठची. एकच आहे.'

धाकटीने डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कधीची तारीख आहे यावर?"

"मागच्या सोमवारची."

भाऊजींचा फोन त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी आला होता.

"दोन्ही कागद सारखे झाल्याशिवाय मला सोडता येत नाही," कारकून म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता, पण नजर नव्हती. "त्या बाहेर थांबल्यात. सकाळपासून दोनदा विचारून गेल्या. त्यांना आत बोलावून त्यांचा कागद बदलून घेऊ का? की तुमचा खोडायचा?"

"माझा."

"तीन ठिकाणी सही लागेल."

"दहा ठिकाणी करते."

बाहेर भाऊजी हात उंचावून हलवत होते. त्यांच्या मागे थोरली उभी होती, बारीक झालेली, केस पार पिकलेले, पदर घट्ट ओढून घेतलेला. धाकटी समोर आली तशी तिने आधी डबीच हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि न्याहाळली.

"लांब आहे चांगली."

"हं."

"पाणी दिलंस?"

"दिलं."

"आणि तू? तू काही खाल्लंस का?"

धाकटीने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"परत कधीचं आहे?" थोरलीने डबीकडे बघतच विचारलं.

"आज संध्याकाळचं."

थोरलीने डबी उलटी फिरवली. मग तिने अंगठ्याने डबीच्या टोकाशी असलेला साखर-मधाचा गोळा दाखवला. राणी ज्या वाटेने बाहेर यायची, ती वाट त्या गोळ्याने बुजवलेली होती. "पेटीतल्या माश्यांना हा कुरतडून संपवायला तीन दिवस लागतात. तोवर त्यांना तिचा वास सवयीचा होतो. मी घाई करते, दोन्ही वेळा घाईनेच उघडली. बाबा असतानाही राणी तूच घालायचीस."

"तुला येतं गं, ताई. तू थांबत नाहीस, एवढंच."

"तेच म्हणतेय मी," थोरली म्हणाली.

भाऊजी रस्त्यापलीकडच्या गाडीकडे मोठ्या लक्षपूर्वक बघत राहिले.

"भाऊजी," धाकटीने पिशवी चाचपत विचारलं, "तिकीट पुढच्या आठवड्याचं करायचं असेल तर कुठे विचारायचं?"

"आतच. पण आत जायला पुन्हा पहिल्यापासून रांग, कागद, सगळं..."

धाकटी ओळखपत्र हातात घेऊन निघालीसुद्धा होती. दारावरच्या शिपायाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिकीट पाहिलं, ओळखपत्रावरचा फोटो दोनदा ताडून पाहिला.

"हातात सामान काही?"

"होतं," धाकटी म्हणाली. "बहिणीकडे दिलंय."