चोथ्याची कॉफी

छकुलीचं वय त्रेचाळीस. कानशिलांवर केस पांढरे झालेले, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, तरी घरात अजून छकुलीच. जुन्या पुस्तकाची शिवण उसवून, पान न पान सांधून, ते पुन्हा नव्यासारखं बांधणारी बाई, तिला काय म्हणे छकुली! पण नाव बाबांनी ठेवलेलं. बदलणार कोण?

बाबा म्हणजे जिभेचे साहेब. कॉफीच्या कंपनीत पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. चमचाभर कॉफी तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची आणि निकाल द्यायचा. त्यांनी नाक मुरडलं की पोतीच्या पोती परत जायची. मग निवृत्त झाले, आई गेली, गुडघे गेले, खुर्ची खिडकीपाशी आली आणि निकाल घरातल्यांवर सुरू झाले. स्टोव्हवरच्या भांड्यातली कॉफी कडवट. दांडा दाबायच्या काचेच्या भांड्यातली जाडसर, जिभेवर गाळ येणारी. खरी कॉफी एकच, कापडी गाळणीतून उतरलेली. पाणी उकळलं की क्षणभर शांत होऊ द्यायचं, मग बारीक धारेनं, गोल गोल ओतत राहायचं. वीस मिनिटं! आठला, दहाला, बाराला आणि चारला. आणि तीही छकुलीच्याच हातची.

दादा-वहिनी समोरच्याच इमारतीत राहायचे. वहिनीनं कितीदा तरी करून पाहिली. "छकुलीच्या हातची सर नाही," बाबा म्हणायचे, की दादा हात झटकून मोकळा. कौतुकच ते, त्याच्याविरुद्ध तक्रार तरी कशी करायची? गेल्या वर्षी दूरच्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयानं तिला बोलावलं होतं, जीर्ण पुस्तकांचा अख्खा विभाग सांभाळायला. ती नाही म्हणाली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली. यंदा त्यांनी पुन्हा विचारलं होतं. आज पाचच्या आत फोन करून कळवायचं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

त्यामुळे सकाळपासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दहाची कॉफी बाबांना देऊन ती परत ओट्याशी आली, तर मोजून ठेवलेली पूड वाटीत तशीच! म्हणजे आठच्या चोथ्यावरच तिनं पुन्हा पाणी ओतलं होतं. अगं बाई गं! आता काही खरं नाही म्हणत ती दारात जाऊन उभी राहिली. बाबांनी घोट घेतला, घोळवला, डोळे मिटले.

"वा! आज जमलीय बघ पोरी. मघाच्यापेक्षा सरस."

छकुलीनं वळून ओट्यावरच्या वाटीकडे पाहिलं. चोथ्याचं पाणी ते, शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

बाराला तिनं मुद्दाम करून पाहिलं. कापडी गाळणीतून नेहमीसारखी कॉफी उतरवली आणि शेजारी स्टोव्हवर भांड्यात नुसतं पाणी ठेवलं. भांडं चांगलं गुरगुरू दिलं, मग कप नेला.

"स्टोव्हवरची?" एका घोटात बाबांचं तोंड वाकडं झालं. "कडूजहर! जळलीय पार."

"बाबा, त्या भांड्यात नुसतं पाणी होतं. ही गाळणीतलीच आहे."

कप बशीवर खडखडला. बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"त्या तापापासून," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. कशाचीच चव लागत नाही. कानांवर भागवतो."

दोन वर्षं! म्हणजे गेल्या वर्षी ती नाही म्हणाली, तेव्हाही ही जीभ मेलेलीच होती. छकुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाबा इतके लहान दिसत होते की तिनं नुसता कप उचलून बाजूला ठेवला.

"कुणाला बोलू नकोस, छकुले. कंपनीतली माणसं अजून नमुने घेऊन येतात. हसतील मला." आणि मग अगदी हळू, "आणि जाऊ नकोस."

आता झाली का पंचाईत! दादाला एक वाक्य सांगितलं की तिची सुटका होती. ते वाक्य जिभेच्या टोकावर होतं आणि ते बोललं की बाबांकडे काहीच उरणार नव्हतं. दुपारभर ती एकाच पुस्तकाच्या पुठ्ठ्याला सरस लावत बसली. सरस वाळून गेला.

चारला दादा-वहिनी आले. वहिनीच्या हातात थर्मास होता.

"छकुली, तू आज फोन करूनच टाक," वहिनी म्हणाली. "बाबा, मी घरून कॉफी करून आणलीय. आवडली तर हिला जाऊ द्यायचं हं."

बाबांनी कप घेतला. थर्मासमधून आलेली कॉफी, ना भांड्याची गुरगुर, ना दांड्याची खरखर. त्यांनी घोट घेतला, घोळवला आणि छकुलीकडे पाहिलं. काय ते डोळे! पाठ न केलेली कविता म्हणायला उभं केलेल्या पोराचे असतात तसे. दादा निकालाची वाट बघत होता. छकुलीला राहवलं नाही.

"तळाला गाळ दिसतोय," ती म्हणाली. "काचेच्या भांड्यातली का गं, वहिनी?"

बाबांना तेवढं पुरलं. "काचेच्याच भांड्यातली! जाड, गढूळ. दांडा घाईनं दाबलाय. छे, छकुलीच्या हातची सर नाही."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" दादा खो खो हसला. "तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही, छकुले."

तिनं बाबांना सावरायला हात दिला आणि त्यांनी तोच हात धरून ठेवला. छकुलीनं घड्याळ पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं.

"चल गं वहिनी, आत चल," ती म्हणाली. "दादा, तू बस इथंच."

आत तिनं किटली वहिनीच्या हातात दिली. "तू ओत."

"अगं, मला नाही जमत."

"जमतं. पाणी जरा शांत होऊ दे. बारीक धार धर. घाई करायची नाही, बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही."

वहिनी ओठ दाबून ओतत राहिली. थेंब पडत होते, पण बाहेर काही ऐकू जात नव्हतं. छकुली हातातला फोन घट्ट धरून नुसती उभी होती. वीस मिनिटं इतकी लांबलचक असतात हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

कप तिनं स्वतः नेला. बाबांचा चेहरा आधीच खुलला होता.

"ही! ही खरी," घोट घेऊन ते म्हणाले. "स्वच्छ, मऊ, शेवटी किंचित गोड. याला म्हणतात हात."

"हात वहिनीचा आहे, बाबा."

"अय्या, जमली की मला!" वहिनी मागून ओरडली. दादाचं तोंड उघडं ते उघडंच.

बाबांनी छकुलीकडे पाहिलं. या वेळी तिनं काही सुचवलं नाही. चष्म्याआडून ती फक्त बघत राहिली.

"जमली," बाबा म्हणाले. "जमली हिला."

पाचला दहा कमी होते. छकुलीनं तिथंच, त्यांच्यासमोर नंबर लावला. "हॅलो, मी सोमवारी हजर होईन," ती म्हणाली. पलीकडून कुणी कागदपत्रांचं विचारत होतं आणि ती हो हो म्हणत होती.

बाबांनी दोन्ही हातांनी कप धरून कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग रिकामा कप छकुलीकडे नेता नेता वळवून त्यांनी वहिनीपुढे धरला.

"इथं येऊन करत जा," ते म्हणाले. "थर्मास नको."

वहिनीनं आनंदानं मान हलवली. छकुलीचे डोळे भरून आले, पण तिनं फोनवरचं बोलणं थांबवलं नाही.