गुणवंतरावांची मोटर

निजामपुऱ्यातल्या सोसायटीत गुणवंतरावांनी नळाच्या पाइपलाच मोटर जोडली होती. ती सुरू झाली की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी शेजाऱ्यांच्या नळात ओढलं जाई. शेजारची मिताली विनवायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "फिल्टर बसवून घ्या. आम्ही बसवलाय."

पुढे तिच्या ईशानीला कावीळ झाली. पोरीला दवाखान्यात सलाइनवर ठेवून मिताली कपडे न्यायला घरी आली, तर मोटर घुरघुरतच होती. तिने पहार उचलली आणि त्यांच्या अंगणात शिरून पहिल्याच घावात मोटर फोडली. गुणवंतरावांनी तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. कपाळातून रक्त ओघळलं, तशी तिने पुन्हा पहार फिरवली. त्यांचं मनगट मोडलं.

"वेडी झालीस का, बेन?" ते खाली बसत विव्हळले.

"पोर वाचली नाही, तर दुसराही हात मोडीन," ती म्हणाली.

पोलीस तिला घेऊन गेले. ईशानी वाचली, पण मितालीला ते चौकीतच कळलं. त्या संध्याकाळी आणखी तीन घरांनी आपापल्या मोटरी गुपचूप काढून टाकल्या.