फाटकावरची झावळी

आमच्या फाटकावर झावळी बांधायला मीच लावली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

नारळाच्या कोवळ्या झावळीची वेणी घालून ती दोन खांबांमध्ये बांधतात. आम्ही केई बेटांवरची माणसं तिला हावेअर म्हणतो. हावेअर बांधलं की विषय संपला. भांडण मिटेपर्यंत आतल्यानं बाहेर पडायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. शेळीनं तोंड लावलं तरी तुटेल इतकं ते नाजूक असतं, पण माझ्या पन्नास वर्षांत ते ओलांडणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मोठे साहेबसुद्धा गाडी वळवून मागे जातात.

कारण म्हणाल तर फिना. माझी धाकटी, एकोणीस वर्षांची. आंबोन शहरात नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. सोमवारी सकाळी तिथं हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बोट आमच्या बंदरात दोन आठवड्यांतून एकदा लागते, ती त्या शुक्रवारी चार वाजता सुटणार होती. फादरनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, शाळेच्या बाईंनी मिठी मारली, सगळं गाव माझं अभिनंदन करून गेलं. मी पण हसून हसून मान हलवली. आता जाऊ नकोस म्हणायला तोंड कुठं उरलं होतं? थोरला कोर्नेलिस असाच बोटीत बसून सोरोंगला गेला. नाताळात फोन करतो, तेव्हा आवाज ओळखायला मला वेळ लागतो. नवरा तर कधीच देवाघरी गेला. फिना गेली की त्या किनाऱ्यावर मी आणि कोंबड्या.

राग मी काढला तो पाहुण्यांवर. माझ्या किनाऱ्यावर तीन खोल्या आहेत आणि तिथं ही पाठीवर बोचकं टाकून हिंडणारी पोरं येऊन राहतात. त्यांनीच पोरीच्या डोक्यात जगाचं खूळ भरलं, असं मी स्वतःला सांगत असे. त्या आठवड्यात सोमवारी आला तो मारेक. चेक देशाचा, सव्वीस-सत्तावीसचा, तांबूस दाढीचा. अकरा दिवस अर्धं बेट पायी हिंडून आला होता. वाटाड्या नाही, आधी ठरवलेलं काही नाही. पायाला फोड, मानेची सालं निघालेली, आणि तोंडभर हसू.

"एकट्याला भीती वाटत नाही?" फिनानं त्याला विचारलं.

"वाटते की," तो त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "भीती वाटते, भूक पण लागते. मग मी आधी जेवतो."

फिना खळखळून हसली. शुक्रवारच्या बोटीनं तोही जाणार होता, त्याचा व्हिसा संपत आला होता. "बरं झालं, सोबत होईल," ती म्हणाली. मी मासे भाजत होते. तिथंच माझं डोकं फिरलं.

मंगळवारी दुपारी मी दिराकडे गेले. पास्कालिस भावजी अंगणात कसाव्याचे कंद किसत बसले होते.

"भावजी, माझ्या फाटकावर हावेअर बांधा."

त्यांची किसणी थांबली. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"जमिनीचं निमित्त सांगा. माझ्या नव्या खोल्या तुमच्या हद्दीत सरकल्यात, असं चारचौघांत म्हणत फिरताच की."

"म्हणतो, कारण सरकल्यात. तीन हात."

"मग बांधा. शनिवारी सोडा."

शनिवार म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं. कोर्नेलिसला बोटीवर सोडायला तेच आले होते. ते हाताला लागलेला कीस चोळत राहिले. "हा खेळ नाही, वहिनी."

"मला शिकवू नका," मी म्हणाले. खरं तर मला शिकवायची फार गरज होती.

बुधवारी सकाळी उठून बघते तर फाटकावर हावेअर, आणि किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवून त्यांच्यावरही. भावजी काम करतात ते चोख. मागे तर सरळ उभा कडा, आणि समोरून होडीनं निघणं म्हणजेही ओलांडणंच. मारेक कॉफीचा पेला हातात घेऊन फिरायला निघाला, आणि झावळीवरून टांग टाकणार इतक्यात फिना अशी किंचाळली की त्याच्या हातातली कॉफी पायावर सांडली.

"साप?" तो म्हणाला.

"साप परवडला असता," फिना म्हणाली आणि तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. तो झावळीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. "पण हे पान आहे."

"हो."

"आणि माणसं याला घाबरतात?"

"घाबरत नाहीत रे. पाळतात."

तो मुकाट्यानं मागे फिरला. त्या दिवशी त्यानं दोनदा कपडे धुतले, तंबू उभा केला, पुन्हा मोडला. मग अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. कड्यापासून फाटकापर्यंत बासष्ट पावलं भरतात, हे मला त्याच्याकडून कळलं. इतकी वर्षं मी तिथं राहते आणि कधी मोजली नव्हती. पण एकदा आकडा कळल्यावर मलाही ते अंगण लहान वाटायला लागलं. चुलीपाशी गेलं तरी कड्याची भिंत दिसे, पाण्याला गेलं तरी फाटक दिसे.

फिनानं काकांना फोन लावला. तिचा आवाज चढत गेला, मग एकदम बसला. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "काका म्हणतात, तुझ्या आईला विचार. आई, तीन हातच आहेत ना? देऊन टाक ना त्यांना!"

"तुझ्या बापाची जमीन आहे ती," मी म्हणाले.

"बाबांनी दिली असती."

 खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. तेव्हा मी मनात दिवस मोजत होते, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

गुरुवारी मी किसलेला कसावा पिळत असताना मारेक येऊन बसला आणि न सांगता पिळायला लागला. सगळे पाहुणे मला आईच म्हणतात, तोही म्हणे. "आई, मी ते पान ओलांडलं तर मला काय होईल?"

"तुला काय होणार? तू परका."

"मग कुणाला होईल?"

"ज्याच्या घरचा पाहुणा, त्या घराला."

 मला मनातून वाटत होतं, जा बाबा एकदाचा, ओलांड आणि तोंड काळं कर, म्हणजे पोरीसमोरून तरी जाशील. "तुझा व्हिसा संपतोय ना?" मी टोचून विचारलं.

"हो. विमान पण चुकेल. पुढच्या आठवड्यात शनिवारी माझ्या बहिणीचं लग्न आहे." त्यानं कसाव्याचा गोळा घट्ट दाबला. "ती मला जन्मभर ऐकवेल."

"मग जा की!"

"घराला होणार असेल तर नको," तो म्हणाला. "मी थांबतो."

बारा देश एकट्यानं फिरलेला पोरगा. कुणाच्या अध्यात नाही, कुणाच्या मध्यात नाही. माझ्या खोट्यासाठी तो सख्ख्या बहिणीचं लग्न चुकवायला तयार झाला, आणि वर माझा कसावाही पिळून दिला. मी त्याला नीट धन्यवादसुद्धा दिले नाहीत. पाणी आणायच्या निमित्तानं उठले आणि विहिरीपाशी नुसतीच उभी राहिले.

शुक्रवारी फिनानं सकाळीच आंघोळ केली, पांढरा ब्लाउज घातला आणि फाटकाजवळ आपल्या बॅगेवर जाऊन बसली. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका लांबूनच थांबत. "काका विरघळतील गं," कुणी म्हणे. "बिचारीचं नशीब," कुणी म्हणे. अकरा वाजता गावचा टेम्पोवाला योपी टेम्पो घेऊन आला. बंदराला दोन तास लागतात. "एक वाजेपर्यंत थांबतो," त्यानं पलीकडून ओरडून सांगितलं आणि सावलीला बसून सिगारेट पेटवली.

मी केळीच्या आड उभी होते, म्हणून त्या दोघांना दिसले नाही.

"मी तुझा हात धरतो," मारेक तिला म्हणत होता. "आपण दोघं एकदम जाऊ. दोष माझा, मी परका. मी ओढली असं सांग."

"सांगितलं तरी गाव आईलाच विचारेल," फिना म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर मी सोसलं असतं. "बाबा गेल्यावर तिनं एकटीनं निभावलंय रे सगळं. तिच्या नावाला बट्टा लागेल असं काही मी करणार नाही. कॉलेज काय, पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी नंबर लागेल?"

"नाही लागला तर खोल्या आहेतच की. झाडीन, चादरी बदलीन. तू आलास की तुला कॉफी देईन."

मला हवं होतं तेच मिळालं होतं. माझी पोर त्या अंगणात राहणार होती, उद्याही, पुढच्या वर्षीही, मी मरेपर्यंत, आणि तेही माझ्यावरच्या मायेनं. आणि मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरामागे जाऊन भावजींना फोन लावला.

"भावजी, सोडा ते. आत्ताच्या आत्ता या."

"शनिवारी सोडणंही आता माझ्या हातात नाही वहिनी, सोमवारी पंच बसतील. तेव्हा जमिनीचं होईल, आणि मग सुटेल."

"अहो, बोट आज आहे!"

"बोट चुकावी म्हणूनच तर बांधलं ना?"

"आता नाही चुकवायची. पाया पडते तुमच्या."

 "वहिनी, बांधताना मी वाडवडिलांची नावं घेतली. आता त्यांना काय सांगू, गंमत केली होती?"

"मग मी काय करू?"

"वाट एकच आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. ज्यानं खोटं हावेअर बांधायला लावलं, त्यानं फाटकाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं आणि आपल्या हातानं सोडायचं. आजोबांच्या वेळी एकानं सोडलं होतं. पुढे मरेपर्यंत त्याच्या शब्दाला गावात कुणी किंमत दिली नाही."

"तुमचंही नाव निघेल."

"निघू दे. तुमचं ऐकलं, तो माझा गुन्हा आहेच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घड्याळात पाऊण वाजला होता. मी अंगणातून चालत गेले. फिनानं मान वर केली, "काका येतायत?" असं आशेनं विचारलं. मी तिच्याकडे बघितलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. रस्त्यावर चारपाच बायका होत्या, योपी होता.

"ऐका," मी ओरडले.  "हे हावेअर पास्कालिसचं नाही. मी बांधायला लावलं. जमिनीचं भांडण खोटं. फिना जाऊ नये म्हणून लावलं."

 योपीनं सिगारेट खाली टाकली. मी गाठीला हात घातला, पण भावजींची गाठ पक्की. मारेक मदतीला पुढे झाला तशी मी त्याच्यावर खेकसले, "हात लावू नकोस!" शेवटी नखांनी उकलून उकलून ती सुटली आणि झावळी माझ्या पायाशी पडली.

फिना उठून उभी राहिली होती.  तिनं ओरडावं, मला हाणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"म्हणून तू वाटेसाठी काही केलं नाहीस," ती हळूच म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दीड दिवसाचा बोटीचा प्रवास. आमच्याकडे कुणाचंही पोर निघालं की त्याची आई तीन दिवस आधीपासून एन्बालच्या, म्हणजे पिळलेल्या कसाव्याच्या, भाकऱ्या भाजते, मासे सुकवते, पुड्या बांधते. कोर्नेलिसला मी दोन पिशव्या भरून दिल्या होत्या. या वेळी मी चुलीवर एकही जादा भाकरी टाकली नव्हती. आणि तीन दिवस ती हे बघत होती. भांडणाच्या गडबडीत आईला सुचलं नसेल, अशी स्वतःची समजूत घालत होती.

"फिना—"

"मी परत येणार होते, आई."

तिनं बॅग उचलली आणि बाहेर पडली. मारेकनं आपलं बोचकं पाठीवर टाकलं. माझ्यापाशी येऊन तो क्षणभर थांबला. मग तिच्यामागून गेला.

"थांब, योपी, थांब जरा!" मी स्वयंपाकघराकडे धावले. फडताळात कालच्या दोन अर्ध्या भाकऱ्या होत्या, त्या घेतल्या. घडातली केळी तोडली, मिरचीची बाटली घेतली, ती हातातून निसटून फुटली. तशीच केळी आणि भाकऱ्या छातीशी धरून पळत आले, तोवर टेम्पो वळणापाशी पोचला होता. मागे उभ्या असलेल्या मारेकनं मला पाहिलं आणि त्यानं फिनाच्या खांद्याला हात लावला. ती वळली नाही.

रस्त्यावरच्या बायकांनी माझ्यासाठी वाट सोडली होती. बाहेर पडायला आता कुणाची आडकाठी नव्हती, आणि धावले असते तर योपी नक्की थांबला असता. पण माझं पाऊल फाटकाबाहेर पडेना. दोन अर्ध्या भाकऱ्या घेऊन मी आतच उभी राहिले.