न मरणाऱ्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे आजी म्हणत. वय काही फार नव्हतं हो; पण तिच्या मागून पीएचडीला आलेली पोरं पदव्या घेऊन गेली, लग्नं करून बाळांचे फोटो पाठवायला लागली, आणि ही अजून आपली विषाणूंची उठाठेव करतेय. मग आजी नाही तर काय म्हणणार? मुदतवाढ देऊन देऊन विद्यापीठानंही हात टेकले होते. महिनाअखेर प्रबंध द्यायचा, नाहीतर नाव कमी.

तिची सगळी भिस्त तिच्या पेशींवर होती. माणसाच्या पेशींमधलं एक जनुक तिनं काढून टाकलं होतं, आणि त्या पेशी विषाणूला भीक घालत नव्हत्या. साध्या पेशींवर विषाणू घातला की त्या पटापट मरून डिशचा तळ सोडत. हिच्या मात्र मजेत चिकटून बसलेल्या. म्हणजे त्या जनुकावाचून विषाणूचं अडतं, असा तिचा दावा. तिच्या मार्गदर्शक सरांनी फक्त एक शेवटचा प्रयोग सांगितला. जनुक परत घाल. पेशी पुन्हा मरायला लागल्या की सही करतो.

तिनं जनुक परत घातलं, विषाणू सोडला, आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी ठणठणीत!

"मरा की गं बायांनो," ती चक्क विनवायला लागली. "एवढ्या वेळा जगलात, आता मरा ना!"

कसल्या मरतायत! पुन्हा केला प्रयोग, पुन्हा तेच. मग एकाएकी तिला आठवलं. अगदी पहिल्यांदा या पेशी वाचल्या, तेव्हा ती आनंदानं वेडी झाली होती. विषाणू घातलेली डिश फेकायची आणि न घातलेली जुळी डिश गोठवून जपायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. हिनं काय केलं? वाचलेल्या पेशींचं कौतुक करत त्याच गोठवल्या आणि जुळी फेकली. पुढचं सगळं काम त्यांच्यावरच.

विषाणू एखाद्या पेशीत न मारता मुकाट राहिला, तर ती पेशी त्याच विषाणूला दुसऱ्यांदा थारा देत नाही, हे तिला काय कुणी सांगायला हवं होतं? तिनं त्या गोठवलेल्यांतल्याच, नव्यानं विषाणू न घातलेल्या पेशी घेतल्या आणि विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी लावली. पॉझिटिव्ह. मेला विषाणू पहिल्यापासून आतच ठाण मांडून होता. जनुकाचा काही संबंधच नव्हता.

सरांनी सगळं ऐकलं, उठून दार लोटलं.

"मी हा प्रयोग सांगितलाच नाही असं समज," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "आहे तेवढं लिही आणि मोकळी हो. पुढचं पीएचडीला आलेली नवी मुलगी बघेल. याच पेशी देतोय तिला."

माणूस वाईट नव्हता, त्यांनाही हिची कीव येत होती. आणि ही "बरं सर" म्हणाली. काय करील? घरी आई सगळ्यांना सांगत सुटली होती, पोरगी डॉक्टर होतेय म्हणून.

दुपारी नवी मुलगी आलीच, हसत.

"ताई, सर म्हणाले, तुमच्या पेशी घे. यांच्यावर काम झटपट होईल म्हणे. मी नोकरी सोडून आलेय ना, जास्त थांबणं परवडायचं नाही."

आजीनं फ्लास्क काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरला आणि काय सुरेख वाढल्यात म्हणाली. ती दारापर्यंत पोचली तशी आजीला राहवलं नाही.

"थांब गं," ती ओरडली. "या पेशींत विषाणू आहे. आधीपासून. माझं काम सगळं खोटं निघालंय."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "मग तुमची पदवी?"

"कसली पदवी?" आजी हसायला गेली आणि तिला रडूच कोसळलं, मोठ्यानं, शेजारच्या खोलीतले धावत येतील इतकं. "माझी सगळी वर्षं गं," ती म्हणत राहिली, "माझी सगळी वर्षं गेली."