सुमनचा अनंत

पितळेचा गडवा उन्हात एवढा चकाकला की दुर्गाबाईंनी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा पाणी पडून गेलं होतं — थेट बुंध्यात, चैत्राच्या भर दुपारी, तेही सकाळपासून दारातल्या बादलीत तापलेलं. मुरमानं ते क्षणात पिऊन टाकलं. हातभर उंचीचा अनंत. पानांच्या कडा तपकिरी, शेंड्याची दोन पानं चुलीजवळ धरल्यासारखी वळलेली. चार दिवस... फार तर आठ. जन्मभर कुरुळीच्या शेतात राबलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं.

"माहेरनं आणलाय," सुमन म्हणाली. "आमच्याकडं परसात लई मोठं झाड हाय ह्याचं. दिसातनं तीनदा पाणी घालते, तरी असं करतोय."

"जमीन नवी हाय," दुर्गाबाई म्हणाल्या. तेवढंच.

सुमन त्यांना कसलीच हाक मारत नसे. ती वाकली की तिच्या गळ्यातला काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक पुढं लोंबे — दुर्गाबाईंच्या लेकीच्या, हौसाच्या नावाचा. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी रीत. हौसाला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि वर्ष भरायच्या आत जावई ज्योतीरामनं पाटणकडची ही मुलगी करून आणली होती. त्याचं तरी काय चुकलं, औषधांच्या कारखान्यात पाळीचं काम, घरात सव्वा वर्षाची पोर... असं दुर्गाबाई गावात सगळ्यांना सांगत, आणि दोन-तीन महिन्यांनी नातीला, छबूला, बघायला पिंपरीला येत. भोसरीपर्यंत मोटारीनं, तिथून पायी. आज मात्र निघतानाच मनाशी ठरलं होतं, ही शेवटची खेप. गेल्या खेपेला छबूनं 'आई' म्हणून हाक मारली तेव्हा दुर्गाबाईंनी दचकून दाराकडं पाहिलं होतं — आणि दारात सुमन उभी होती.

वाळू दे. वाळला तर वाळला.

विचार इतका सरळ, इतक्या शांतपणे आला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. कारखान्याच्या चाळीसमोरच्या या उघड्या पट्ट्यात एक झुडूप नाही. चार वर्षांमागं इथं नुसतं गवताचं रान होतं. हौसानं इथं काही लावलं नव्हतं. लावायला तिला... अशाच उन्हाळ्यात ती कुरुळीला आली होती, छबू कडेवर, अजून वर्षाचीही नाही, आणि पोटात दुसरं. 'आई, मला थोडं दीस ऱ्हाऊ दे. उभं ऱ्हावत न्हाई.' दुर्गाबाईंना दिसलं होतं. नखं पांढरी पडलेली, ओठांना रंग नाही — दिसलं होतं सगळं. पण आठव्या दिवशी जावई न्यायला आला, आणि त्या म्हणाल्या, 'सगळ्या बायांचं असंच असतंय,' आणि ओटी भरून मोकळ्या झाल्या. भाद्रपदात बाळंतपणात दोघंही गेली.

सुमन पुन्हा गडवा भरून आली. ती वाकली, आणि दुर्गाबाईंचा हात आपोआप पुढं होऊन तिच्या मनगटावर पडला.

"थांब. शिजवतीयास त्याला तू."

सुमन खुळ्यासारखी बघत राहिली. तिच्या गावी आठ महिने भिंतींना ओल असते. तिला काय ठाऊक हे ऊन.

"एखादा जुना माठ हाय घरात?"

सुमननं आतून कड उडालेला माठ आणला. दुर्गाबाईंनी तो लगेच ओळखला. चाकणच्या बाजारात बोटांनी वाजवून वाजवून त्यांनीच घेतला होता, हौसाच्या नव्या बिऱ्हाडासाठी.

"त्यांचा हाय," सुमन खाली बघत म्हणाली. "टाकवंना, म्हून ठिवलाय."

माठ पालथा घालून त्यांनी बुडाशी खिळा टेकवला, दगड उचलला — आणि हात थांबला. मसणात माठाला भोक पाडतात, हे त्यांनी फक्त ऐकलं होतं. बायांना तिथं कोण नेतं? हौसाच्या वेळीही त्या उंबऱ्याच्या आतच राहिल्या होत्या, पुरुषमाणसं परत येईपर्यंत.

"मी करू का?" सुमननं हळूच विचारलं.

"नगं."

तीन हलके ठोके घातले. माठ तडकला नाही.

मग काम हाताला लागलं. भोकात लुगड्याची चिंधी पिळून बसवायची, बुंध्यापासून हातभर अंतरावर माठ गळ्यापर्यंत पुरायचा, भोवती आळं ऐसपैस करायचं, वर वाळक्या गवताचा थर. मावळतीच्या अंगाला दोन काठ्या रोवून त्यांनी पोतं ताणलं. सुमन माती ओढत होती, सांगतील ते करत होती, आणि दुर्गाबाई बोलत होत्या, जरा जास्तच बोलत होत्या — "माठ चौथ्या दिशी भर. वरनं पाणी पहाटंचं, न्हाईतर सांजचं. अन् ह्या साली कळी आली तर खुडून टाक."

"खुडू?"

"आधी मूळ धरू दे."

सुमननं हातातलं ढेकूळ फोडलं. "नव्या झाडांचं समद्यांचंच असं असतं का?"

दुर्गाबाईंनी आळ्याची कड तळव्यानं दाबली. "न्हाई," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याचं बघावं लागतं."

"जगंल न्हवं?"

"सांगता यायचं न्हाई."

उन्हं कलल्यावर त्या निघाल्या. छबू झोपली होती. तिला उठवलं नाही. भोसरीच्या वाटेवर फुफाटा अजून तापलेला होता, आणि चालता चालता त्या दिवस मोजत होत्या — आज सोमवार, चौथा दिवस म्हणजे गुरुवार, ही पोर विसरली तर... रविवारी येऊन बघावं का... आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. माती ओढायला बसल्यापासून आत्तापर्यंत हौसा एकदाही मनात आली नव्हती. दीड वर्षात असं कधी झालं नव्हतं, झोपेतसुद्धा नाही. त्या रस्त्यातच थांबल्या. पदर तोंडाशी धरून त्यांनी हौसाचा चेहरा आठवून पाहिला — तो आला, पण सावकाश आला, लांबून हाक ऐकून यावं तसा, आणि येऊन थोडा दूरच उभा राहिला. मागून एक बैलगाडी आली, गाडीवानानं "बसता का, बाई?" म्हणून विचारलं, आणि थोडं थांबून गाडी पुढं नेली. दुर्गाबाई तिथंच उभ्या होत्या. एक पाऊल टाकलं तर हौसा आणखी लांब जाईल, असं त्यांना वाटत होतं.