आधी मिनिटं, मग टाकी

"ताई, उतरतोय बरं का. झोप आली तर खुर्चीला बांधून घे स्वतःला."

"तू आधी कमरेला दोर बांध. मुकादम आहेत ना वर?"

"आहेत. मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेत."

मागून मुकादमांचा आवाज आला. "बाई, तुम्हीच सांगा याला. दोर बांधायचा म्हटलं की म्हणतो, मी काय बैल आहे का?"

"बांध रे. शहाणा ना तू?"

धाकटा भाऊ हसला आणि फोन बंद झाला. उतरताना तो फोन आणि चपला टाकीच्या कठड्यावर ठेवायचा. तिथं सगळेच तसं करत. कठड्यावर चपला दिसल्या की आत माणूस आहे, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळायचं. कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरला मात्र चपला दिसत नव्हत्या.

शहराचं पाणी शुद्ध करायची ती जागा. खोल टाक्यांची लांब रांग, प्रत्येक टाकीला पाण्याची एक झडप. टाकी रिकामी करून आलटून पालटून तळाचा गाळ खरवडावा लागे. आज चार नंबरची पाळी होती. ताई इथं नवऱ्याच्या जागी लागली होती, आणि साहेबांच्या मागे लागून धाकट्यालाही तिनंच चिकटवलं होतं. आई म्हणाली होती, "बरं झालं, तुझ्या डोळ्यांसमोर राहील." पण कंट्रोल रूमची खिडकी नेमकी दुसऱ्या बाजूला उघडायची. तिथून नऊ नंबर दिसायची, चार नाही.

कालच साफ केलेल्या नऊ नंबरला धुवायचं पाणी सोडायचं होतं, चार मिनिटं. पूर्वी हे काम हातानं व्हायचं. झडपेवर लोखंडी चाक असायचं, ते फिरवताना खांदे भरून यायचे. मग मोटारी बसल्या, चाकं काढून नेली, आणि चष्मेवाल्या इंजिनिअरनं कॉम्प्युटरमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, घालून दिली. स्क्रिप्टचं नाव, म्हणजे झडप, लिहायचं, जागा सोडून टाकीचा नंबर, पुन्हा जागा सोडून मिनिटं, आणि एंटर. ताई एका बोटानं लिहायची, पण कधी चुकली नव्हती.

आजही तिनं तसंच लिहिलं. झडप, नऊ, चार. एकदा वाचून बघितलं. एंटर दाबलं. पडद्यावर "चालू" असं उमटलं आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

नऊ नंबर कोरडीच होती.

पाण्याचा आवाज मात्र येत होता. पाइपातून हवा सुटल्यावर होते तशी घरघर, आणि मग धो धो. आवाज खिडकीतून येत नव्हता. तो तिच्या पाठीमागून, भिंतीपलीकडून येत होता.

आपण काय लिहिलं ते बघायला ती वळली. पडद्यावर नऊ आणि चार जसेच्या तसे होते. चूक कुठंच नव्हती. तेवढ्यात मुकादमांची आरोळी ऐकू आली. "पाणी! बाई, पाणी बंद करा! पोरगा आत आहे!"

तिनं कंट्रोल आणि सी दाबलं. चालू काम असं थांबवायचं, एवढं तिला शिकवलेलं होतं. "चालू" च्या खाली नवी ओळ आली. स्क्रिप्ट थांबली. पाणी थांबलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं. झडप उघडायची, तेवढी मिनिटं वाट बघायची, मग बंद करायची, हे सगळं ती स्क्रिप्टच करायची. वाट बघत असतानाच ताईनं तिला मारून टाकलं होतं. आता बंद करणारं कुणी उरलंच नव्हतं. ठरल्या मिनिटांनी तरी थांबलं असतं ते पाणी तिनं स्वतःच्या हातानं मोकळं सोडलं होतं.

इंजिनिअरला फोन लावला. वाजत राहिला. ताई रजेवर होती त्या दिवसांत त्यानं इथं काहीतरी बदललं, असं कुणीतरी चहाच्या वेळी बोललं होतं. म्हणजे आकडे उलटे झाले होते? की आणखी काही? शून्य मिनिटं लिहिलं तर बंद होत असेल. पण शून्य आधी की चार आधी? चुकलं तर काय उघडेल?

"बाई! दोर अडकलाय! शिडी सापडत नाही त्याला!"

स्क्रिप्टचं नुसतं नाव लिहून एंटर दाबलं, पुढं काहीच दिलं नाही, तर ती कशी वापरायची ते सांगते, असं इंजिनिअर म्हणायचा. पण हिच्याआधी जी जुनी स्क्रिप्ट होती, तिचा अनुभव सगळ्यांना होता. ताई लागण्याआधी एका ऑपरेटरनं चुकून पुढचं काही न लिहिता एंटर दाबलं होतं. नंबर नाही मिळाला तेव्हा त्या स्क्रिप्टनं सगळ्याच झडपा उघडल्या. आवार भरून पाणी बाहेर रस्त्यावर गेलं होतं. तेव्हापासून रिकामी कमांड कुणी देत नसे. विजेच्या उघड्या तारेला हात लावावा तसं वाटे.

ताईनं नाव लिहिलं. पुढं काहीच लिहिलं नाही. बोट एंटरवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं ते धरून खाली दाबलं.

कुठलीच नवी झडप घरघरली नाही. पडद्यावर ओळी आल्या. आधी मिनिटं, मग टाकी. एकापेक्षा जास्त टाक्या असतील तर एकापुढे एक लिहा. बंद करण्यासाठी मिनिटं शून्य.

झडप, शून्य, चार. एंटर.

भिंतीपलीकडं मोटार कण्हली. धो धो हळूहळू बारीक झालं, मग नुसतं टपटपू लागलं. ताई जिन्यावरून कशी उतरली ते तिला नंतर कधी आठवलं नाही.

धाकटा शिडीवर होता. पाणी त्याच्या छातीला लागलेलं. मुकादम पोटावर पालथे पडून त्याच्या शर्टाची कॉलर धरून होते. पाणी थांबलं होतं तरी धाकट्यानं शिडीची दांडी सोडली नव्हती. मुकादमांनी त्याची बोटं एकेक करून उकलली आणि त्याला वर ओढलं.

"लागलंय का रे कुठं?" ताईनं विचारलं.

त्यानं मान हलवली. अंगभर गाळ, दात वाजत होते.

"आंघोळ झाली फुकटात," मुकादम म्हणाले. कुणी हसलं नाही. मुकादमही नाही. ते तिथंच बसले आणि तोंडावरून हात फिरवत राहिले.

इंजिनिअरचा फोन आला तेव्हा ताई वर परत आली होती. सगळं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोन-तीन टाक्या एकदम सोडता याव्यात म्हणून मिनिटं आधी घेतली हो. सकाळच्या पाळीला सांगितलं होतं. तुम्ही नुसतं नाव देऊन बघायचं ना ताई, ती सांगते सगळं."

"बघितलं," ताई म्हणाली.

"आता हात लावू नका कशाला. मी येतो, मी सोडतो नऊ नंबरचं पाणी."

"तुम्ही येईपर्यंत संध्याकाळ होईल, साहेब. संध्याकाळी नळाला पाणी द्यायचंय."

तिनं फोन ठेवला. झडप, चार, नऊ लिहिलं. वाचलं. पुन्हा वाचलं. बरोबर होतं. सगळं बरोबर होतं आणि बोट खाली जात नव्हतं.

तिनं जिन्यातून हाक मारली. धाकटा वर आला, खांद्यावर मुकादमांचा टॉवेल. तिनं टेबलापलीकडं स्टूल सरकवलं.

"बस इथं."

"खोली घाण होईल, ताई."

"होऊ दे. बस."

तो बसला. कपड्यांतून गाळाचं पाणी फरशीवर ठिबकायला लागलं. ताईनं पडद्याकडं बघायचं सोडलं. त्याच्याकडं बघत राहिली, हात मात्र एंटरवर.

"मुकादम कुठायत?"

"खाली. बाकावर बसलेत."

"आत कुणी नाही ना?"

"कुणी नाही."

"नक्की?"

"ताई," तो हळूच म्हणाला, "मी इथंय."

तिनं एंटर दाबलं. खिडकीबाहेर नऊ नंबरमध्ये पाणी पडायला लागलं. आवाज ऐकताच धाकट्याचे हात स्टुलाच्या कडेवर घट्ट आवळले गेले, आणि पाणी थांबेपर्यंत दोघंही जागचे हलले नाहीत.